माझ्या हातचे ब्रेक

दाढी आपल्या हाताने करावी, हजामत दुसऱ्याच्या. आपल्या हाताने काय करावे, याचा माझा हिशेब इतका सोपा होता. पण गेल्या महिन्यात ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून किरकिर ऐकू येऊ लागली आणि मी जाहीर केले, ब्रेकचे पॅड मीच बदलणार.

‘‘पैसे वाचवायला का?’’ पत्नीने विचारले. मी हो म्हटले. खरे म्हणजे ज्या वस्तूवर आपण घरादाराचा जीव सोपवतो, ती एकदा तरी पाहावी, असे वाटू लागले होते.

काम तसे अवघड नाही. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करायचे, मग जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्यायचा. (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये!) चाक काढून कॅलिपर वर उचलला, की दोन पॅड दिसतात. लोखंडी चकतीला ते दोन्हीकडून चिमटीत धरतात, बस्स! त्यांवरचा घासणारा थर जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन मागे रेटावा लागतो. आणि म्हणूनच गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून घ्यावा लागतो. दोन्ही चाके बसवून मी ब्रेकवर पाय दिला, तो सरळ तळाला गेला. ठाऊक असूनही पोटात गोळा आला. चार-पाच दाबांनी ब्रेक घट्ट झाला. गोळा मात्र तसाच.

कारण पुढच्या रविवारी नातवंडांना घेऊन पाचगणीला जायचे होते, आणि येताना पसरणी घाट उतरायचा होता. मिस्त्रींनी पॅड बसवले असते, तर मी निर्धास्त असतो. तुम्ही म्हणाल, त्यांचा हात सराईत. खरे आहे, पण त्यांच्या हातांकडे मी कधी पाहिले होते? मजुरीबरोबर मी त्यांना दोषही देऊन टाकीत असे. उद्या काही झालेच, तर बोट दाखवायला माणूस असे.

शनिवारी न राहवून गाडी त्यांना दाखवली. त्यांनी वाकून पाहिले, बोल्टांना पाना लावला आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे, साहेब.’’ पैसे घेतले नाहीत. मी मात्र पुन्हा भागीदार शोधून आलो होतो.

घाटात एका वळणावर डोक्यावर भारा घेतलेली एक बाई कडेने चालली होती. माझ्या हौसेला तिची संमती कुणी घेतली होती? पण मग इतकी वर्षे मिस्त्रींच्या ब्रेकना तरी तिने कुठे संमती दिली होती?

मी वेग आणखी कमी केला.

‘‘अहो, आज शीळ नाही घालीत?’’ पत्नी म्हणाली.