शरीर आजारी, मन निरोगी



घरातील वडीलधारा माणूस रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो. वय झाले असे समजून, आणि त्या जागेचे दुखणे सांगायचे कसे या लाजेने, तो गप्प राहतो. पुढे कंबर धरते. मग तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे आणि तो हाडांत पोचला आहे.

अशा वेळी घरात रोगापाठोपाठ माणसेही येतात. कोणी म्हणतो, "देव्हारा काढलात म्हणून हे झाले." कोणी म्हणतो, "मागल्या जन्मीचे पाप." कोणी अंगारा आणतो, कोणी नवस बोलायला सांगतो. नवदीक्षित कुटुंबाची खरी कसोटी येथे लागते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा केवळ सुखाच्या दिवसांसाठी नव्हत्या. ते स्वतः तेव्हा मधुमेहाने जर्जर झाले होते. त्यांनी औषधे घेतली, पण नवस केला नाही.

सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच मिळते काय, असे सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले. तथागतांनी ते मत खोडून काढले. पित्ताने, कफाने, वाताने, ऋतू पालटल्यानेही वेदना उपजतात, असे त्यांनी सांगितले. तेव्हा रोग्याला पापी ठरविणे हा धम्म नव्हे.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. दुसरा शोकाचा, तो अज्ञानी माणूस मनाला लावून घेतो. "आधीच का दाखवले नाही?" हा प्रश्न मुलाने बापाला, बापाने स्वतःला रोज विचारणे हा तो दुसरा बाण. हा रोग सुरुवातीला बहुधा लक्षण दाखवीत नाही. झालेल्या उशिराचा हिशेब मांडण्यात उरलेले दिवस घालवू नका.

पहिल्या बाणावर उपचार आहेत. पुरुषी संप्रेरक कमी केले की हा रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखविले. त्यासाठी त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हाडांत पोचलेला रोग सहसा मुळासकट जात नाही, पण इंजेक्शनांनी किंवा शस्त्रक्रियेने तो आवरता येतो आणि पुष्कळ रोगी काही वर्षे जगतात. उपचाराने थकवा येतो, अंगातून उष्णतेच्या लाटा जातात, कामेच्छा मावळते. त्यात कमीपणा मानू नका. वेदना सोसण्यात पुण्य नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन दिले तर भिऊ नका. पायांतील शक्ती अचानक गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मुलांनी व भावांनीही आपल्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगावी, कारण त्यांना धोका अधिक असतो.

रोग्यापासून रोगाचे नाव लपवू नका. पंचशीलातील सत्य आजाऱ्याच्या खाटेजवळही पाळावयाचे असते. नकुलपिता हा गृहस्थ अत्यवस्थ असताना त्याची पत्नी नकुलमाता त्याला म्हणाली की, काळजी घेऊन मरू नका; मी सूत कातीन, मुले सांभाळीन, धम्म सोडणार नाही. किती साधे, किती धीराचे बोलणे! घरखर्च, कर्ज, मुलीचे लग्न, सारे अशाच मोकळेपणाने बोला. वृद्ध नकुलपित्याला तथागतांनी हेच शिकविले होते की, शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नये.

आणि भगिनींनो, मुलांनो, सेवेत लाज धरू नका. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले आणि खाटेवर निजविले. तुमच्या हातातील लघवीचे भांडे त्याच मार्गावरचे आहे. संध्याकाळी रोग्याजवळ बसून त्रिशरण-पंचशील म्हणा, आणि सकाळी वेळेवर औषध द्या. दोन्ही धम्माचरणच आहे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!