एक खोली वाढवताना

बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १४). पाया घातला आणि पुढे पैसे पुरले नाहीत, तर बघणारे हसतात. हा दाखला शिष्यत्वाविषयी आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी हिंगणघाटातल्या कोणत्याही नव्या वस्तीतून एक फेरी मारली की तो शब्दशः डोळ्यांसमोर उभा राहतो. स्लॅबवर गंजलेल्या सळया, खिडकीच्या चौकटीपर्यंत येऊन थांबलेली भिंत, पावसात भिजून दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या. फरक एवढाच की आमच्याकडे कोणी हसत नाही. मधे मुलीचे लग्न निघाले, कोणाला दवाखान्यात ठेवावे लागले, की त्या वर्षी कापसाला भाव आला नाही, हे प्रत्येक घराबाबत सगळ्या गल्लीला माहीत असते.

घर वाढवणे ही गरज की हाव, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. उत्तर देताना जुनी कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंत माणसाची गोष्ट सांगितली जाते. दोन खोल्यांत सहा माणसे राहणारा बिचारा ती ऐकून मान खाली घालतो. आम्हाला हे पटत नाही. त्या श्रीमंताकडे धान्य जास्त झाले होते, माणसे नव्हे. सरकारनेसुद्धा हा फरक ओळखला होता. २०१५ साली सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत नव्या घराबरोबरच असलेल्या घरात किमान ९ चौरस मीटर पक्की वाढ करण्यालाही मदत धरलेली होती. म्हणजे एक खोली वाढवणे ही चैन नाही, हे कागदावरही मान्य झाले.

मग प्रश्न उरतो तो खर्चाचा. खर्च किती, हे मिस्त्री सांगतो. तो कोण भरणार, हे मात्र घरच्यांनाच ठरवावे लागते. सध्या आम्ही दोघे त्याच विचारात आहोत. बाहेरची खोली, आत स्वयंपाकाची खोली, मागे न्हाणी आणि थोडे अंगण, असे आमचे घर आहे. आई (सासूबाई म्हणा की आई म्हणा, आम्हा दोघांची ती एकच) गावी एकटी राहते. मागच्या पावसाळ्यात ती ओसरीवर घसरून पडली, तेव्हापासून काठीशिवाय चालवत नाही. तिला इकडे आणायचे तर खालीच झोपायची जागा आणि शेजारीच संडास-न्हाणी हवी. दुसरीकडे मुलगी बारावीला आहे आणि तिला नर्सिंगला जायचे आहे. पोस्टात जमवलेले दीड लाख तिच्या नावाने ठेवलेले आहेत.

ठेकेदाराने आकडा दिला: दहा बाय बाराची खोली, लागून न्हाणी, वर स्लॅब, सगळे मिळून ३ लाख ४० हजार. टिनाचे छप्पर घातले तर २ लाख ३० हजार. बँकेकडून २ लाख पाच वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतले तर महिन्याला सुमारे ४,२५० रुपये हप्ता येतो आणि व्याजापोटी जवळजवळ ५५ हजार जातात. एवढा हिशेब शाळेतले पोरही करील.

ज्याने कोणी टिनाचा सल्ला दिला तो चांगल्या मनानेच दिला. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारी टिनाखाली तरणा माणूस टिकत नाही, कूलर गरम वारा फेकतो, आणि आमची आई ऐंशीच्या पुढची आहे. वाचलेले १ लाख १० हजार आमच्या खिशात राहतील आणि त्यांची भरपाई ती आपल्या अंगाने करील. अशा बचतीला आम्ही स्वस्त म्हणायला तयार नाही. छप्पर कमी खर्चाचे करायचे असते तर कवेलूचे करता आले असते, ती घरे टिनापेक्षा थंड राहत. पण कवेलू दर वर्षी फेरावे लागतात, आणि फेरणारी माणसे आता सहजासहजी मिळत नाहीत.

दुसरा न दिसणारा खर्च जमिनीखालचा आहे. आपल्या या पट्ट्यातली काळी माती कापसाला माउली, पण भिंतीला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुने घर आपल्या जागी कधीचेच बसलेले असते. त्याला चिकटून नवी खोली उथळ पायावर उभी केली की ती वेगळीच हलते आणि दोन वर्षांत सांध्यावर वरपासून खालपर्यंत तडा जातो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचे, खाली काँक्रीटची पट्टी बांधायची, नव्या-जुन्या भिंतींत फट मोकळी सोडायची. यात जाणारा पैसा पाहुण्यांना कधी दिसत नाही. पहिली काटछाट लोक नेमकी तिथे करतात आणि उरलेल्या पैशांत समोरच्या भिंतीला टाइल्स लावतात!

अंगणात कडुनिंब आहे. झाडाच्या मुळांनी काळी माती आणखी आक्रसते, म्हणून झाड तोडा नाहीतर भिंत लांब ठेवा, असे मिस्त्रीचे म्हणणे. शिवाय बारा फूट पुढे गेलो तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आमची भिंत येते. नियमाने सोडायची जागा आम्ही सोडू, पण नियम पाळूनही त्यांचा सकाळचा उजेड जाऊ शकतो. ते तक्रार करणार नाहीत. आईसुद्धा म्हणते, माझ्यासाठी खर्च करू नका, पोरीला शिकवा. दोघेही मनाने मोठे. पण समोरच्याने तोंडावर नाही म्हटले म्हणून त्याचे देणे फिटत नाही. आईचा नकार ही आम्हाला बिलात मिळालेली सूट नव्हे.

या विचारात आमच्याच जिल्ह्यातले एक घर वारंवार आठवते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले; गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० सालचे. आदर्श खेड्यातली घरे पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याची असावीत, असे त्यांनी १९३७ साली ‘हरिजन’मध्ये लिहिले. आज बापू कुटी म्हणून आपण जी पाहतो, ती आधी मीराबेनची होती. पुढे गांधीजींसाठी ती वाढवली गेली. म्हणजे साधेपणाचे ते प्रतीकसुद्धा एक वाढवलेले घरच आहे.

१९७८ साली जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. १९५१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती, १९६९ मध्ये त्यांनी धर्मगुरूचे काम सोडले. कुटीत बसल्यावर त्यांना जे सुचले ते त्यांनी तिथल्या सभेत मांडले. त्याचा भावार्थ असा की पैसेवाल्यांची बरीच घरे मुळात सामान ठेवण्यासाठी बांधलेली असतात आणि त्यात माणसाला जागा करून दिलेली असते. ही कुटी मात्र माणसासाठी बांधलेली आहे. विचार मोलाचा आहे. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती कुटी लहान असून पुरली, कारण तिच्याभोवती सगळा आश्रम होता. स्वयंपाक वेगळीकडे, पाहुण्यांची सोय वेगळीकडे, प्रार्थना मोकळ्या अंगणात. गरिबाच्या दहा बाय दहाच्या खोलीला असा आश्रम लाभत नाही. तिथे स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि भांडण एकाच छताखाली असते. तिला साधेपणा म्हणून गौरवणे आम्हाला जरा अवघडच वाटते.

कुटीपेक्षा आम्हाला तिच्याजवळची दुसरी झोपडी अधिक शिकवते. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. त्यांना कुष्ठरोग झाला. १९३९ साली ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना जागा करून दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. शास्त्रीजींना थेट तिकडे धाडता आले असते, आणि पुढे ते गेलेही. पण आधी त्यांना शेजार मिळाला. त्या काळी रोगाची भीती किती होती ते आठवले, तर त्या कुडाच्या झोपडीची किंमत कळते.

जुन्या करारातल्या शूनेमच्या बाईनेही घर वाढवले होते (२ राजे ४). अलीशा संदेष्टा येता-जाता तिच्याकडे जेवायला थांबे. तिने नवऱ्याशी बोलून माडीवर लहानशी खोली बांधायचे ठरवले आणि आत काय ठेवायचे तेही आधीच सांगितले: खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा. बाई सधन होती, मोठे दालनही बांधू शकली असती. येणारा माणूस कोण आणि त्याला काय लागते, हे पाहून तिने माप धरले.

आम्हीही आमचे माप पुन्हा धरून पाहिले. दहा बाय बारात आईची खाट होती, पण तिच्याबरोबर गाद्यांची पेटी, शिलाई मशीन, मोठे कपाट आणि पुढेमागे घ्यायचा सोफा हेही होते. ते बाजूला ठेवल्यावर साडेनऊ बाय अकरा पुरते. राहण्याच्या खोलीला राष्ट्रीय इमारत संहिता साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट सांगते. आमची खोली त्यात बसते. एवढ्याने कडुनिंब वाचतो आणि शेजाऱ्यांचा उजेडही बराचसा राहतो. वरच्या मजल्यासाठी सळया सोडायच्या नाहीत. स्लॅब घालायचा, पाया मुरमापर्यंत न्यायचा. पोस्टातल्या दीड लाखाला हात लावायचा नाही; २ लाखांच्या कर्जावर एक लाखाची भर आम्ही दोघांनी घालायची, त्यात मोटारसायकल विकणे आले. कामावर सायकलने जाता येते.

आई गेल्यावर खोली भाड्याने दिली तर उरलेले कर्ज फिटेल, असे एका नातेवाइकाने सुचवले. हिशेब चुकीचा नाही, पण तो आम्ही वहीत घेतला नाही. भावंडांनी वाटा उचलावा का, हे अजून बोलायचे आहे आणि ते सोपे जाणार नाही. मिस्त्री म्हणतो, खोदकाम पाऊस संपून माती वाळल्यावर करू. तोवर आईला एकदा घरी आणून खाट कोणत्या भिंतीला हवी आणि खिडकी किती उंचीवर, हे तिलाच विचारायचे ठरले आहे.