शुद्ध हेतु आणि वाळलेलें गवत

हेतु शुद्ध असला म्हणजे कर्त्यास कर्माचा दोष लागत नाहीं, असें आपण सामान्यतः समजतों. अनर्थ घडला तरी ‘अपघातास कोणाचा इलाज?’ असें म्हणून आपण मोकळे होतों. हें समाधान कितपत खरें आहे, हें ठरविण्यास अमेरिकेंतील एक प्रसंग उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

2017 च्या एप्रिल महिन्यांत, अॅरिझोना ह्या कोरड्या प्रांतांत, एक भावी पिता रानांत गेला. होणारें अपत्य मुलगा कीं मुलगी, हें रंगावरून सर्वांस कळावें म्हणून त्यानें रंगीत भुकटीचें एक स्फोटक लक्ष्य गवतांत मांडलें व त्यावर बंदूक झाडली. रंग उडाला, आणि त्याबरोबरच सभोंवतालचें वाळलेलें गवत पेटलें. त्या वणव्यांत सुमारें 47,000 एकर प्रदेश जळाला. त्यानें स्वतः तत्काळ वर्दी दिली व पुढें न्यायालयांत अपराधहि कबूल केला. 81 लाखांहून अधिक डॉलरांची भरपाई त्याजवर बसली. आरंभीं एक लाख व नंतर दरमहा 500. ह्या गतीनें सर्व रक्कम फिटावयास 1,300 हून अधिक वर्षें लागतील!

ह्या मनुष्याच्या मनांत पाप नव्हतें, हें उघड आहे. म्हणून कित्येक सारा दोष दैवास देतील. आमचें मत निराळें आहे. अशी आग लागण्यास स्फोटकच हवें असेंहि नाहीं. अमेरिकन वनखात्यानें 2013 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रायफलीच्या गोळ्या पोलादी पत्र्यावर झाडण्यांत आल्या; तेव्हां त्यांच्या तप्त तुकड्यांनीं सुकविलेल्या शेवाळाचा भुगा पेटला. पोलादाचा अंश असलेल्या व निव्वळ तांब्याच्या गोळ्यांनीं तर तो वारंवार पेटला. म्हणजे धोका अज्ञात नव्हता. वाळल्या गवतांत नेम धरणारा चाप ओढतो, त्याच क्षणीं तो दुसऱ्याचें घर व जीव पणास लावतो. मग गवत पेटो वा न पेटो. ज्याचें पेटलें नाहीं, तोहि तितकाच दोषी होय.

मग मनुष्यानें हातपाय हालवूंच नयेत काय? तसें नव्हे. तीच नेमबाजी पावसाळ्यांत, उघड्या मातीच्या बांधासमोर निर्दोष ठरेल. न्यायालय परिणाम मोजतें, व तें त्यास प्राप्तच आहे; विवेकानें मात्र परिणामाची वाट पाहूं नये. पायाखालीं काय आहे व वारा कोणीकडे वाहतो, हें पाहण्याचे श्रम ज्यानें घेतले नाहींत, त्याचा हेतु आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. परंतु शुद्धहि म्हणणार नाहीं.