गिळणाऱ्याची साक्ष

पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझा सगळा व्यवहार प्रत्यक्षाशी. गुलाबी-जांभळी रंगवलेली स्लाइड समोर असते आणि तिच्यावर जे दिसतं तेच मी लिहायचं असतं. तरीही इओसिनोफिलिक इसोफेजायटिस हा आजार मला पुन्हा पुन्हा ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाकडे नेतो. दुसऱ्याचं दुखणं आपण कशाच्या आधारे जाणतो, हा प्रश्न तो टाळू देत नाही.

या आजारात अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शिरतात. निरोगी अन्ननलिकेत त्या नसतातच. पॉल एर्लिख यांनी १८७९मध्ये त्यांचं वर्णन केलं; इओसिन रंगाने त्यांच्यातले कण लालसर होतात. निदानासाठी ४००पट मोठ्या केलेल्या एका दृश्यक्षेत्रात त्या किमान १५ दिसाव्या लागतात.

विशीतल्या एका मुलाची बायोप्सी माझ्याकडे आली होती. भाकरीचा घास छातीत अडकतो, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. घरी 'नीट चावून खा', दवाखान्यात 'ॲसिडिटी आहे', 'मनाचं आहे'. पंगतीतून तो सगळ्यात शेवटी उठायचा, घासागणिक पाणी प्यायचा. एंडोस्कोपीत या आजाराच्या कड्या, उभ्या चिरा, पांढरे ठिपके, काहीच दिसलं नाही. डोळ्यांवरच भिस्त ठेवली असती तर तपास तिथेच संपला असता. पण एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं बोलणं खरं मानलं आणि वरच्या व खालच्या भागांतून मिळून सहा तुकडे घेतले, कारण हा दाह सगळीकडे सारखा नसतो. खालच्या तुकड्यांत फारसं काही नव्हतं. वरच्या तुकड्यांत इओसिनोफिलांची दाटी होती.

चार्वाक प्रत्यक्ष तेवढंच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानतात. न्यायदर्शन अनुमान आणि उपमानासोबत आप्ताचा शब्दही मानतं. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आणि जी जशी आहे तशी सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे, असं वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या भाष्यात स्पष्ट करतात. म्हणजे आप्तपण कुळाने येत नाही, आणि माझ्या मते पदवीनेही नाही. चरकसंहिता वैद्याला सर्व इंद्रियांनी रुग्ण तपासायला सांगते, पण रसनेचा अपवाद करते. रुग्णाच्या तोंडाची चव रुग्णालाच विचारून जाणायची. गिळण्याचंही तसंच आहे.

रुग्णाचा शब्द चुकू शकतो, हा आक्षेप खरा आहे. पण स्लाइडही एकटी पुरत नाही. आम्ल वर येण्याच्या विकारातही या पेशी अन्ननलिकेत दिसू शकतात. म्हणून गिळण्याची तक्रार, पेशींची संख्या आणि इतर कारणांचा निरास, तिन्ही जुळल्यावरच निदान होतं. कुठे पाहायचं ते शब्दाने सांगावं आणि शब्द प्रत्यक्षाने पारखावा. दोघांपैकी एकालाच सत्य मानणं हा माणसावर अन्याय आहे.

म्हणून तुकड्यांसोबतच्या फॉर्मवर तक्रारीचा रकाना कोरा आला, तर मी फोन करून विचारते. त्या रकान्यातलं वाक्य हा निदानाचा अर्धा पुरावा असतो, आणि कितीही चांगल्या सूक्ष्मदर्शकातून मला तो दिसणार नसतो.