देवाच्या दारी सोडलेला आश्रित

गेल्या उन्हाळ्यात, ग्वाल्हेरला ऊन मी म्हणत असताना, एका सायंकाळी लष्करातील आमच्या कचेरीत एक परिचित वृद्ध गृहस्थ आले. माणूस सज्जन, देवभीरू. एकादशी कधी चुकवावयाचे नाहीत. वाडा विकून मुलाकडे पुण्यास कायमचे राहावयास जाण्याचे त्यांनी ठरविले होते. घरात नऊ वर्षांचा कुत्रा होता. आगगाडीचा लांबचा प्रवास, तिकडे चौथ्या मजल्यावरचे घर, म्हणून आदल्या दिवशी ते त्याला शहराबाहेरच्या एका देवळापाशी सोडून आले. शेजाऱ्याने ‘तक्रार करीन’ असे बजावले, तेव्हा ते आमच्याकडे आले.

“वकीलसाहेब, यात गुन्हा होतो काय? देवाच्या दारी सोडला आहे. तिथे रोज प्रसाद असतो, येणारेजाणारे पोळी घालतात. उपाशी तर राहणार नाही ना?”

कायद्याचे उत्तर देणे अवघड नव्हते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या विधेयकाची प्रेरणा होती. त्याच्या अकराव्या कलमान्वये, भुकेने वा तहानेने यातना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत, सबळ कारणावाचून प्राणी टाकून देणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधाला त्यात सांगितलेला दंड १० ते ५० रुपयांचा. आता प्रसाद मिळतो अशा जागी सोडला तर भुकेचा संभव कोठे राहिला, हा त्या गृहस्थांचा मुद्दा न्यायालयात अगदीच टाकाऊ ठरला असता असे नाही. आम्ही तसे त्यांना सांगितलेही. त्यांचा चेहरा काही उजळला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आमचाही नाही.

त्याला कारण आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट. आमच्या लहानपणी जुन्या वाड्यात मोत्या नावाचा कुत्रा होता. आमची आजी सोवळ्याची कडक. मोत्याला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. पण ‘पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची’ हा नेम तिने मरेपर्यंत मोडला नाही. पुढे आजी गेली, वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही नव्या घरी राहावयास गेलो. मोत्या म्हातारा झाला होता. “तो वाड्याचाच आहे, वाड्यातच राहील,” असे थोरांनी ठरविले व रखवालदाराच्या हाती चार पैसे ठेवले. तीन महिन्यांनी आम्ही सहज तिकडे गेलो, तो मोत्या दरवाजापाशी पडलेला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. आम्हांस पाहून तो उठला, शेपूट हलविली आणि आमच्यामागून गल्लीच्या टोकापर्यंत आला. तेथे आम्ही त्याला ‘जा’ म्हणालो. तो गेला. सांगितलेले ऐकण्याची त्याला सवय होती.

त्या गृहस्थांना आम्ही दिलेला सल्ला आणि गल्लीच्या टोकाशी उच्चारलेला तो ‘जा’ यांत फारसे अंतर नाही, हे त्या रात्री आमच्या ध्यानी आले. मग प्रश्न नव्याने मांडावा लागला. कुत्रा आपला म्हणजे काय? तो आपल्या मालकीची वस्तू असेल, तर ती विकावी, द्यावी, टाकावी. कोणाचे काय गेले? तो आपला मित्र असेल, तर मैत्री दोन्ही बाजूंनी जुळते आणि दोन्ही बाजूंनी सुटते. परंतु पिलू घरी आणताना त्याची संमती आपण घेतलेली नसते. आईपासून, जातभाईंपासून आपण त्याला तोडतो, स्वतः अन्न मिळविण्याची त्याची कला त्याला विसरावयास लावतो आणि दोन वेळा आपल्या हाताकडे पाहावयास शिकवितो. कराराच्या दोन्ही बाजू आपणच लिहिलेल्या असतात. असा करार एका बाजूने ‘रद्द’ म्हणून चालेल काय?

आमच्या मते हे नाते मालकीचेही नव्हे, नुसत्या मैत्रीचेही नव्हे; ते विश्वस्ताचे आहे. देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या किंवा जवळून पाहिलेल्या वाचकांस हे विस्ताराने सांगावयास नको. आपल्या न्यायालयांनी देवमूर्तीला मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानले आहे. पण स्वतः बोलू न शकणारी, अज्ञानासारखी. तिच्या वतीने बोलावयाचे ते विश्वस्तांनी, आणि तेही स्वतःच्या सोयीसाठी नव्हे. येथे देवाची व कुत्र्याची बरोबरी करण्याचा हेतू नाही. सांगावयाचे एवढेच, की ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने वागण्याची एक रीत आपल्या समाजाला पूर्वीपासून ठाऊक आहे. १८८२ च्या विश्वस्तविषयक कायद्यात एक लहानसे कलम आहे, शेहेचाळिसावे. विश्वस्तपद स्वीकारण्यापूर्वी नाकारता येते. एकदा स्वीकारल्यावर मात्र ते आपल्या मर्जीने टाकता येत नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, किंवा विश्वस्तपत्रातच तशी मुभा असावी लागते, किंवा ज्याच्या हितासाठी विश्वस्तपद घेतले त्याची, तो करार करण्यास समर्थ असल्यास, संमती लागते. कुत्र्याला तशी संमती देता येत नाही. म्हणून पिलू घरी आणण्यापूर्वी हजार वेळा ‘नको’ म्हणावे. त्यात पाप नाही. आणल्यानंतरचा ‘नको’ मात्र निराळा.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. महाभारताच्या आरंभीच, आदिपर्वात, एक फिर्याद येते. ती देवशुनी सरमेची. जनमेजयाच्या यज्ञमंडपात तिच्या पिलाला राजाच्या भावांनी मारले. पिलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. अपराध कोणता, असे आईने येऊन विचारले. राजकुलाला उत्तर देता आले नाही. तेव्हा अकल्पित भय ओढवेल, असा शाप देऊन ती गेली. आणि ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, हिमालयाच्या वाटेवर पुन्हा कुत्राच भेटतो. इंद्र रथ घेऊन आला आहे, पण स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, भक्ताचा त्याग मी करणार नाही. इंद्र उलटतपासणी करतो: भावांना आणि द्रौपदीला वाटेत टाकलेस, मग कुत्र्याचाच आग्रह का? युधिष्ठिराचे उत्तर कोणाही वकिलाने मनन करावे असे आहे. ते मरण पावले होते. मृतांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना टाकले नाही.

जिवंत असताना! सारे मर्म या दोन शब्दांत आहे. सातारजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. त्याने शिकारीत महाराजांचे प्राण वाचविले असे परंपरा सांगते. त्या कृतज्ञतेला आमचे वंदन असो. पण मेलेल्या इमानाला दगडी चौथरा बांधणे एक, आणि जिवंत इमानासाठी रोज पाण्याचे भांडे घासून भरणे दुसरे. दुसऱ्याला कोणी हार घालीत नाही.

सोवळ्याचा प्रश्न येथे काही वाचक काढतील. शास्त्राने कुत्र्याला अशुचि मानले हे खरे. परंतु त्याच शास्त्राने वैश्वदेवाच्या वेळी त्याच्या नावाने अन्न काढून ठेवावयास सांगितले आणि तेही भिरकावून नव्हे, हलक्या हाताने जमिनीवर ठेवावयास. ज्याला आपण कोंकणीत ‘सुणें’ म्हणतो त्या शब्दाचे नाते संस्कृतातल्या ‘श्वन्’शी आहे, आणि गीतेने समदर्शी पंडिताची ओळख सांगताना त्याच श्वानाचे नाव घेतले आहे. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायांशी चार श्वान आहेत, भैरवाचे वाहन श्वान आहे, खंडोबाच्या बरोबरही तो आहे. आमच्या आजीला हे बरोबर कळले होते. उंबरठा ही जागेची मर्यादा होती, तिरस्काराची खूण नव्हती. मर्यादा पाळूनही घास देता येतो. उलट, मांडीवर घेऊन लाड करणाऱ्या घरांतून वर्षभराने कुत्रा बाहेर काढला गेल्याची उदाहरणेही आम्ही पाहिली आहेत. तेव्हा प्रेमाची कसोटी जवळिकीत नसून सातत्यात आहे.

आणि सातत्य हे फार साध्या गोष्टींचे बनलेले असते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर निववितो. त्याला दुपारी डांबरी रस्त्यावर फिरविणे म्हणजे तव्यावर चालविणे होय. सैबेरियातल्या किंवा आल्प्सच्या बर्फातल्या दाट केसांच्या जाती हौसेखातर या मुलखात आणणे हा तर आम्हांस अन्यायच वाटतो. वस्तुतः येथून जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, आणि अलीकडे तेथे मुधोळ व रामपूर या आपल्या देशी जातींनाही शिकविले जाते. तेथे कुत्रा आणि त्याचा सांभाळ करणारा जवान एकत्र शिकतात. घरोघरी मात्र शिकावयाचे ते कुत्र्यानेच, अशी समजूत! लाडाने चॉकलेट किंवा मनुका देणारे, कांद्याचे उरलेले कालवण घालणारे पुष्कळ आहेत. हे पदार्थ त्याला विषासमान आहेत हे ते विचारीत नाहीत. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरविणे हादेखील १९६० च्या त्याच कायद्याने अपराध आहे, हे तर फारच थोड्यांस ठाऊक असते.

विश्वस्ताचे कर्तव्य शेजाऱ्यालाही लागू आहे. पिसाळण्याच्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. म्हणून तिसऱ्या महिन्यात लस टोचून पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे ती देत राहणे, बाहेर नेताना दोरी हाती असणे, त्याची घाण आपण उचलणे, हे उपकार नव्हेत, देणे आहे. भित्र्या मुलाला ‘काही करीत नाही हो तो’ म्हणून हसणारा धनी आपल्या कुत्र्यावर प्रेम करीत असेल, शेजारधर्म मात्र जाणत नाही.

“माणसे उपाशी असताना कुत्र्यांची काळजी कसली?” असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे; पण आमच्या पाहण्यात तो प्रश्न विचारून उरलेली भाकरी माणसाला नेऊन दिल्याचे उदाहरण विरळा. ज्या घरी आश्रितास टाकण्याची मुभा मनाने एकदा घेतली, तेथे पुढची पाळी कोणाची, हे म्हाताऱ्या माणसांनी सावधपणे पाहावे. मुले आपल्याकडून शब्दांपेक्षा अशा गोष्टीच लवकर शिकतात.

मग खरोखरच अशक्य झाले तर? आजार, दारिद्र्य, परदेशगमन, अशा अडचणी कोणास येत नाहीत? तेव्हा विश्वस्ताने करावयाचे तेच करावे: दुसरा विश्वस्त शोधावा. जाणता, राजीखुशीने पत्करणारा माणूस शोधावा, त्याच्याशी कुत्र्याची ओळख होईपर्यंत थांबावे, त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयी सांगाव्यात, आणि मग भार सोपवावा. देवळाची पायरी हा विश्वस्त नव्हे. देवाच्या दारी ठेवले म्हणजे देवाला सोपविले असे होत नाही. आपले ओझे आपण देवाच्या नावावर चढविले, एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो आणि आदल्या सायंकाळी दिलेला सल्ला अपुरा होता असे सांगितले. गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी करता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रेल्वेतही कुत्रा नेण्याची नियमाने सोय आहे. अडचणी होत्या त्या एवढ्याच. ते काही बोलले नाहीत. पायांत वहाणा सरकवून आमच्याबरोबर निघाले. देवळाच्या आवारात कुत्रा दिसेना. पुजाऱ्यांनी रस्त्याकडे बोट दाखविले. जेथे परवा गाडी थांबली होती तेथेच, निंबाच्या विरळ सावलीत, तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता. शेजारी कोणी ठेवलेली पोळी वाळून कडक झाली होती.

ते आता पुण्यास आहेत, कुत्राही आहे. आमच्या मोत्याच्या बाबतीत मात्र अशी दुसरी सकाळ उगवली नाही. ते देणे कोणापाशी फेडावे हे आम्हांस कळत नाही, म्हणून हे लिहिले.