चार हात जमीन

जैन मुनींनी सोसायच्या बावीस परीषहांत पाचवा दंशमशक. भूक, तहान, थंडी, ऊन आणि त्यापाठोपाठ लगेच डास-गोमाश्यांचे चावे. टीकाकारांनी त्यात ढेकूण, मुंग्या, विंचू अशी सगळी चावरी मंडळी धरली आहेत. मुनींनी हाकलायचं नाही, जागचं हलायचं नाही. चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, शास्त्रवाचनाला हा भाग आला की सगळे मान डोलावतात आणि शेजारच्याला पंखा जरा वाढवायला सांगतात.

मी मुनी नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे आणि रविवारी पन्हाळ्यापलीकडे मसाई पठारावर मी माउंटन बाइक चालवतो. तेव्हा सोसण्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण मला गांधीलमाशी डसली, तेव्हा ती जिथं राहते तिथं मी कशासाठी गेलो होतो, हा प्रश्न माझ्यासारख्या श्रावकालाच पडायचा.

दसऱ्याच्या आसपास पठारावरची पायवाट चालवायला सगळ्यांत छान असते. कातळ वाळलेला, माती अजून घट्ट. घाणेरी मात्र दोन्ही अंगांनी माजलेली असते. वळणावर हँडलचं उजवं टोक एका फांदीला घासलं. पानांआड पोळं होतं, लाकूड चावून केलेल्या करड्या कागदाचं, मुठीएवढं, एका देठावर लटकलेलं. पहिला डंख हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या दोन बोटं उघड्या मनगटावर बसला. दुसरी माशी हेल्मेटच्या फटीतून आत शिरली. कवटीला लागून तो आवाज ऐकला नसेल त्याला सांगून कळायचा नाही. थांबावंसं वाटतं, पण पोळ्याजवळ थांबायचं नसतं. तसाच पुढं मोकळ्या कातळावर गेलो, पट्टा सोडला आणि हेल्मेट उलटं केलं. तोवर तिनं दोनदा नांगी मारली होती. मधमाशीची नांगी काटेरी असते, कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. हिचं तसं नाही, हिला पुन्हा पुन्हा मारता येतं.

सोबतच्यांपैकी एकानं खिशातली चुन्याची डबी काढली. दुसरा म्हणाला, "हळदवाले तुम्ही, आणि हळद नाही होय जवळ?" आमच्यात एक डॉक्टर आहेत. त्यांनी दोघांनाही बाजूला केलं, बोट सुजायच्या आधी अंगठी काढायला लावली, साबणानं धुतलं, बाटलीतल्या गार पाण्याचा रुमाल बांधला आणि सेट्रिझिन दिली. मग ते अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत बसले. ओठ सुजतात का, अंगावर गांध्या उठतात का, धाप लागते का, चक्कर येते का. यातलं काही झालं तर मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, तेही ताबडतोब. पठारावर ते कुणाकडेच नव्हतं. मला काही झालं नाही.

बस्तीत ही हकीकत कळल्यावर एक काका म्हणाले, पूर्वकर्म. म्हणजे माशी नुसती पोस्टमन! मला हे पटत नाही, कारण यात माझी फारच स्वस्तात सुटका होते. आमच्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात. संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, ती पूर्ण सोडायची. आरंभी घरकामातली, उद्योगी पोटापाण्यातली, विरोधी स्वतःच्या रक्षणातली. या तिन्हींत गृहस्थाला थोडी मुभा आहे. गांधीलमाशीनं केली ती विरोधी, घर वाचवायला केलेली. माझं काय? पठारावर ना माझा स्वयंपाक ना माझी अडत. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकासाठी अनर्थदंडव्रत आहे, विनाकारण होणारी हिंसा सोडण्याचं. त्यात प्रमादचर्येखाली निष्फळ माती उकरणं, झाडं तोडणं यांच्या जोडीला उगाच हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणंही आहे. आमच्या रविवारच्या ग्रुपचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलेलं नाही!

खरी अडचण वेगाची आहे. मुनींना ईर्यासमिती पाळावी लागते, समोरची चार हात जमीन बघत चालायचं, पायाखाली जीव येऊ द्यायचा नाही. चार हात म्हणजे साधारण 6 फूट. ताशी 20 किलोमीटरनं मी सेकंदाला सुमारे 18 फूट जातो. चार हात सरायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. डोळ्यानं पाहून बोटानं ब्रेक दाबेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. म्हणून तर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की चाकासमोर बघू नका, लांब बघा, नजर जाते तिकडं सायकल जाते. मुनींना खाली बघायला सांगितलंय, मला लांब. मी आईसमोर वकिली करून पाहिली. म्हटलं, लांब बघणं हीसुद्धा सावधगिरीच आहे, वेग जास्त म्हणून अंतर जास्त, हिशेब तोच. आई पाणी गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं बघणं तू पडू नयेस म्हणून. त्यांचं बघणं खालचा मरू नये म्हणून."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलंय, जीव गेला की राहिला एवढ्यावर नाही. त्या हिशेबानं एकही डंख न खाता घरी आलो तरी मी सुटत नाही.

पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये विषय निघाला की टेंभा करून पोळं जाळून टाकू, वाट माणसांचीही आहे. हे मात्र उघड संकल्पी. मी नको म्हटलं. शेळ्या घेऊन निघालेला धनगराचा पोरगा ऐकत होता. म्हणाला, "ते दरसाल असतंय की हितं. आमी वळून जातोय. आमास्नी काय करत न्हाईत." एकानं हँडलला घंटी लावायची सूचना केली. आमच्या गणतीत माशी-भुंगे चार इंद्रियांचे, त्यांना कान नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा सगळे हसले.

आता त्या घाणेरीच्या पट्ट्यात मी उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. मागचे कुरकुरतात. रविवार मी सोडलेला नाही, सुटेल असंही वाटत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग ती सायकल वर नेतोसच कशाला?"

"पुढं उतार आहे," मी म्हटलं. "नुसता कातळ, झुडूप नाही एक."

"मुंग्या असतील की," आई म्हणाली.