अंड्यासाठी सोडलेली जागा

निस्सिन कंपनीच्या ‘चिकन रामेन’ची सुकी चकती पाकिटातून काढली की तिच्या मधोमध एक उथळ खळगा दिसतो. त्यात कच्चे अंडे फोडायचे, वरून उकळते पाणी ओतायचे आणि झाकण ठेवून तीन मिनिटे थांबायचे. हा खळगा २००३ साली आला. मूळ पदार्थ मात्र १९५८ चा. तैवानमध्ये जन्मलेल्या मोमोफुकु आंदो यांनी ओसाकाजवळच्या इकेदा गावी, घरामागच्या शेडमध्ये खटपट करून तो सिद्ध केला. मसाला नूडल्समध्येच मुरलेला असल्यामुळे वरून काहीच घालावे लागत नाही, हाच त्याचा मोठेपणा मानला गेला. जपानी घरांनी तरीही अंडे फोडले, पातीचा कांदा चिरून टाकला. अखेर कारखान्यानेच चकतीचा आकार बदलून या सवयीला जागा करून दिली.

पाकीट आणि स्वयंपाकघर यांचे नाते या खळग्यात दिसते. परदेशी पाकीट घरी आणून ‘सुधारायला’ निघालेल्याने आधी हे पाहायला हवे की पाकिटाजवळ काय भरपूर आहे आणि काय असूच शकत नाही.

आंदो यांची युक्ती पाण्याची होती. वाफवलेल्या नूडल्स कढत तेलात सोडल्या की आतल्या पाण्याची वाफ उसळून बाहेर पडते आणि मागे असंख्य बारीक छिद्रे राहतात. पुढे उकळते पाणी त्याच छिद्रांतून पुन्हा आत शिरते, म्हणून तीन मिनिटांत काम होते. पण पाण्यासोबत जे निघून जाते ते परत येत नाही. भाजीचा करकरीतपणा, पातीचा झणका, अंड्याचा मऊ बलक यांतले काहीच पुडीत बांधता येत नाही.

चव मात्र पुडीत ठासून भरता येते. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातले ग्लुटामेट ओळखले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनितो माशातले इनोसिनेट सापडले. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची चव हेरली, जे सुकवलेल्या शिताके अळंब्यांत भरपूर असते. ही द्रव्ये एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते, हेही त्यांनीच दाखवले. आजच्या सूपच्या पुडीत ही द्रव्ये बहुधा आधीच हजर असतात. त्यामुळे वरून सोया सॉस किंवा स्टॉकची वडी घालणारा माणूस सूप चांगले करत नाही, खारट करतो. हवे असते ते ताजे, ओले आणि सौम्य. साप्पोरोच्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) रामेनवर लोणी आणि मक्याचे दाणे घालतात, त्याचाही परिणाम असाच: स्निग्धतेमुळे मिसोचा खारटपणा निवतो आणि दाणे गोडवा देतात. जपानी घरांत पडणारे ‘मोयाशी’ म्हणजे बहुतेक वेळा आपल्या मुगाचेच मोड, फक्त अंधारात लांब वाढवलेले. तव्यावर जेमतेम अर्धा मिनिट परतून वर घातले तर तेवढ्यानेही बोलची कळा बदलते.

पण पहिले पाकीट काहीही न घालता, सूचनेप्रमाणेच करून खावे. पाणी मोजून घ्यावे, कारण भारतीय हात इथेच चुकतो. मॅगी १९८३ मध्ये आपल्याकडे आली आणि दीड कप पाण्यात आटवायची सवय लावून गेली. जपानी सूपवाल्या पाकिटाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते. ते निम्म्यावर आणले की सगळे तोल ढळतात आणि दोष मात्र पाकिटाला लागतो. शिवाय आयातदाराची इंग्रजी चिठ्ठी कित्येकदा नेमकी मूळ कृतीवरच चिकटवलेली असते. त्या कृतीत सहसा एक महत्त्वाची ओळ असते: सूपची पूड गॅस बंद केल्यावर घालावी. तेलाची वेगळी पुडी असेल तर ती त्याहूनही शेवटी, बोलमध्ये. ‘देमाए इच्चो’ या नूडल्सबरोबर येणारे तिळाचे तेल उकळत्या भांड्यात टाकले तर त्याचा वास हवेत विरतो, शेवटी टाकले तर पहिल्या घोटाबरोबर नाकाशी येतो.

नूडल्स वेगळ्या भांड्यात उकडून ते पाणी फेकावे का? तळलेल्या नूडल्सचे थोडे तेल त्यात निघते. रामेनला पिवळटपणा आणि चिवटपणा देणाऱ्या ‘कानसुई’चा, म्हणजे पापडखाराच्याच जातीच्या क्षाराचा, उग्र वासही कमी होतो. ‘मारुचान सेइमेन’सारख्या न तळलेल्या नूडल्सना ही पद्धत छान मानवते. चिकन रामेनला नाही. तिथे फेकलेल्या पाण्याबरोबर चवच मोरीत जाते.

खरी अडचण मिठाची आहे. अशा एका पाकिटात साधारण पाच-सहा ग्रॅम मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. जपानी उत्पादक अनेकदा नूडल्समधले मीठ आणि सूपमधले मीठ वेगवेगळे छापतात, हे त्यांचे सौजन्यच. त्यावरून कळते की मोठा वाटा सूपमध्ये आहे. म्हणून सगळ्यांत फायद्याची सुधारणा वजाबाकीची: पुडी अर्धी घालायची, आणि उरलेली चव कोंबूचा तुकडा व दोन सुकी शिताके रात्रभर थंड पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काने भरून काढायची. शाकाहारी घरांना याचा दुहेरी उपयोग आहे. आयात पाकिटांच्या सूपमध्ये डुक्कर, कोंबडी किंवा मासळीचा अर्क सर्रास असतो. मांसाहाराची तपकिरी खूण दिसली की पाकीट बाजूला ठेवून याच अर्कात मिसो कालवावे आणि साध्या गव्हाच्या नूडल्स वेगळ्या उकडून त्यात सोडाव्यात.